मेनोपॉजमधल्या गरम वाफा आणि घाम: घरच्या घरी काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघू लागल्या की बहुतेक जणी एकाच आठवड्यात सगळं सुरू करतात. चहा बंद, तिखट बंद, सोया सुरू, जवस सुरू, कुणीतरी सुचवलेली हर्बल गोळी, सकाळी योगासनं, झोपताना गार पाण्याची आंघोळ. पंधरा दिवसांनी जरा बरं वाटतं, पण कशामुळे ते कळत नाही. मग एका रात्री पुन्हा उशी भिजते आणि वैतागून सगळंच सुटतं. यातले उपाय नेहमीच चुकीचे नसतात, क्रम मात्र हमखास चुकलेला असतो. म्हणून खाली टप्पे दिले आहेत. एक टप्पा पुरता झाल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

अपेक्षाही आधीच ठरवून घ्या. काही उपायांनी वाफांची संख्या कमी होते. काहींनी संख्या तेवढीच राहते, पण त्रास बराच उतरतो. आणि 'नैसर्गिक' या नावाखाली जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं या दोन्हींपैकी काहीच करत नाही.

आधी एवढं समजून घ्या

शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. एरवी आतलं तापमान काही दशांश अंशांनी वर-खाली झालं तर हे केंद्र तिकडे लक्षही देत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की तिथल्या काही चेतापेशी अति सक्रिय होतात आणि ही मोकळीक जवळजवळ संपते. मग दोन जिने चढणं, एक कप गरम चहा, एखादी धास्ती एवढंही पुरतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती-मान-चेहरा तापतो, धडधड होते, घाम फुटतो. उष्णता बाहेर गेली की तापमान खाली घसरतं आणि हुडहुडी भरते. एक वाफ साधारण एक ते पाच मिनिटं टिकते.

हे कळलं की पुढचे टप्पे असे का लावलेत तेही कळतं. आतलं तापमान झटक्यात वर जाऊ द्यायचं नाही, आणि वाफ आलीच तर घाबरून तिला आणखी इंधन द्यायचं नाही.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्ये त्रासाचा मध्यक कालावधी ७.४ वर्षं निघाला (म्हणजे निम्म्या जणींना याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि पाळी चालू असतानाच ज्यांना वाफा सुरू झाल्या त्यांचा त्याहून जास्त. 'दोन-चार महिने कळ काढू' हा हिशेब त्यामुळे बहुतेकींच्या बाबतीत जमत नाही.

## टप्पा १: हे मेनोपॉजचंच आहे ना, याची खात्री

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. वय पंचेचाळिशीच्या पुढे आहे, पाळी अनियमित झाली आहे किंवा थांबली आहे, आणि वाफा छातीपासून वर चढून काही मिनिटांत ओसरतात, असं चित्र असेल तर बहुधा मेनोपॉजच. या वयात त्यासाठी संप्रेरकांच्या तपासण्यांची सहसा गरजही नसते. पाळी जाण्याआधीच्या काळात हे आकडे आठवड्यागणिक बदलतात, त्यामुळे एका रिपोर्टवरून काही ठरत नाही.

घाम येण्याची इतरही कारणं आहेत. थायरॉइड जास्त काम करत असेल तर उकडतं, धडधडतं, वजन उतरतं. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर रात्री उतरली तर दरदरून घाम येतो. नैराश्यावरच्या काही गोळ्या, स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन, अफूजन्य वेदनाशामकं यांनीही घाम वाढतो. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तरी रात्री अंग भिजतं.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा, जर:

- बारा महिने पाळी आलेली नसताना पुन्हा रक्तस्राव झाला. थेंबभर असला तरी.
- वय पंचेचाळिशीच्या आत आहे आणि पाळी थांबल्यासारखी वाटते. चाळिशीच्या आत असेल तर तर नक्कीच. तिथे हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न असतो आणि उपचार वेगळे असतात.
- रात्रीच्या घामाबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, गाठ किंवा हटत नसलेला खोकला आहे.
- चेहरा लाल होण्याबरोबर वारंवार जुलाब होतात, किंवा डोकं ठणकून रक्तदाब एकदम चढतो.

घामाबरोबर छातीत दाब, दम लागणं, जबडा किंवा हात दुखणं असेल तर त्याला वाफ समजून पंख्याखाली बसून राहू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

## टप्पा २: दोन आठवडे काहीही न बदलता नोंद

'काहीही न बदलता' हे शब्द महत्त्वाचे. नोंद सुरू केली त्याच दिवशी कॉफीही सोडली, तर तुलना करायला हातात काही उरत नाही.

प्रत्येक वाफेला तीव्रतेचा गुण द्या. नुसतं गरम वाटलं, घाम नाही: १. घाम आला, पण हातातलं काम चालू राहिलं: २. काम थांबवावं लागलं किंवा झोप मोडली: ३. दिवसाचे सगळे गुण मिळवले की त्या दिवसाचा आकडा मिळतो. दिवसाअखेर 'किती त्रास झाला' यालाही दहापैकी वेगळे गुण द्या. औषधांच्या चाचण्यांतही जवळपास अशीच मोजणी करतात, कारण नुसती संख्या फसवते. दहा हलक्या वाफा आणि चार झोपमोड्या वाफा या एका मापाच्या नाहीत.

एक नोंद साधारण अशी दिसते:

*रात्री २.४०. मानेच्या मागून सुरुवात. गुण ३. गळ्याशी कपडा भिजला, नंतर थंडी. जेवण ९.३० ला, तिखट. खोली बंद. झोप परत लागायला बराच वेळ.*

आणि दुसऱ्या दिवसाची: *सकाळी ११. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली तेव्हा. गुण २. नाश्ता नाही, दोन कॉफी.*

एवढंच. निबंध लिहिलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडते. जिची वाफांमुळे झोप मोडते तिने रात्री दिवा लावून लिहीत बसू नये. उशाशी कागद ठेवून नुसती रेघ मारावी, बाकीचं सकाळी भरावं.

तपासून पाहा: चौदा दिवसांनंतर तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: रोजची सरासरी, सगळ्यात वाईट वेळ, आणि वाफेच्या आधीच्या तासाभरात वारंवार दिसणारी एखादी गोष्ट. तिसरी सापडली नाही तरी चालेल. पुष्कळ वाफा कशानेही सुरू होत नाहीत, आपल्या आपण येतात. कारण सापडलं नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

## टप्पा ३: रात्रीची तयारी

सुरुवात रात्रीपासून करायची, कारण मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीचा त्रास दुप्पट करते. आणि या तयारीचा गुण लगेच, दोन-तीन रात्रींत कळतो.

1. झोपण्याआधी तासभर खोली गार करायला घ्या. वारा खेळता ठेवा. पंखा अंगावरून थेट जाईल असा लावा. घाम वाळला तरच गारवा मिळतो, आणि दमट हवेत वाऱ्याशिवाय तो वाळत नाही.
2. एक जाड पांघरूण काढून दोन-तीन पातळ घ्या. वाफ आली की एक बाजूला, थंडी वाजली की परत अंगावर. जाड पांघरूण पूर्ण फेकणं आणि नंतर कुडकुडणं यात झोप पार उडते.
3. कपडे सैल. सुती कापड चांगलं, पण फार घाम येत असेल तर सुती कपडा ओला होऊन अंगाला चिकटून राहतो. अशांनी पटकन वाळणारं, खेळाडूंच्या कपड्यांसारखं कापड वापरून पाहावं.
4. गादीवर टॉवेल किंवा वेगळी चादर आडवी अंथरा. भिजली की ओढून काढायची, खाली कोरडी चादर तयार.
5. उशाशी, अंधारात हात पोचेल अशा जागी: कोरडा कपडा, छोटा टॉवेल, गार पाण्याची बाटली. हे सगळं कपाटात असून उपयोग नाही. दिवा लावून शोधाशोध केली की मेंदू पूर्ण जागा होतो.
6. जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. कसून व्यायाम आणि कडक पाण्याची आंघोळही झोपेच्या तोंडावर नको.

नेहमीची चूक: झोपताना बर्फासारख्या पाण्याने आंघोळ. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. कोमट पाणी बरं.

गार खोलीने वाफांची संख्या घटते असा भक्कम पुरावा नाही, हेही सांगून टाकते. पण भिजून जागं होणं आणि पुन्हा पाच मिनिटांत झोपी जाणं, यापेक्षा वेगळं काय हवं असतं रात्री अडीच वाजता?

## टप्पा ४: वाफ आल्यावरची चार मिनिटं

वाफ सुरू होण्याआधी काही सेकंद पुष्कळींना चाहूल लागते: छातीत विचित्र अस्वस्थपणा, कानशिलं तापल्यासारखी. ही चाहूल ओळखायला शिका, कारण त्यानंतर जे करायचं त्याचा क्रम असा आहे.

1. आधी श्वास. इतर काही करण्याआधी एक लांब उच्छ्वास सोडा. पोटाने सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. मिनिटाला सहा ते आठ श्वास.
2. वरचा थर काढा. याचसाठी बाहेर जाताना एक जाड कपडा न घालता दोन पातळ घालायचे.
3. मान, मनगटं आणि चेहरा यांना गार पाणी किंवा ओला रुमाल लावा, आणि त्यावर वारा घ्या. ओला रुमाल नुसता धरून ठेवला तर तो मिनिटभरात गरम होतो.
4. गार पाण्याचे चार-पाच घोट. घटाघट नको.
5. घाम ओसरू लागला की लगेच टिपून कोरडा कपडा. बहुतेक जणी इथे उशीर करतात आणि मग थंडीने काकडतात.

श्वासाचा सराव वाफेच्या वेळी सुरू करून जमत नाही. रोज शांत वेळी दोनदा, दहा-पंधरा मिनिटं करत राहिलात तरच गरजेला तो आपोआप येतो. नुसत्या संथ श्वासाने वाफांची संख्या घटते असं नंतरच्या चांगल्या चाचण्यांत दिसलं नाही. घाबरगुंडी मात्र आटोक्यात राहते, आणि पुढच्या एका टप्प्याचा तो पाया आहे.

## टप्पा ५: खाण्यापिण्यातल्या गोष्टी, एका वेळी एकच

आता वही उघडा. तिखट, मद्य, कॉफी-चहा, खूप गरम पेय, सिगारेट, उपाशीपोटी राहणं, यांपैकी तुमच्या नोंदीत कोणाचं नाव वारंवार येतं? फक्त तेच, एकटं, दोन आठवडे बंद करा. गुण मांडत राहा. मग दोन दिवस परत सुरू करून पाहा. बंद केल्यावर आकडा उतरला आणि सुरू केल्यावर चढला, तर ती गोष्ट तुमच्यासाठी खरी. नाहीतर सोडून द्या आणि आनंदाने कॉफी प्या.

इतकं काटेकोर का? कारण या गोष्टी सगळ्यांना लागू पडत नाहीत. २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने हार्मोनशिवायच्या उपायांचा सगळा पुरावा तपासला, तेव्हा कारणं टाळणं हा उपाय म्हणून शिफारशीत धरलाच नाही. सरसकट यादी पाळून आवडीचं सगळं सोडायचं आणि वाफा तशाच, असं कित्येकींचं होतं. तुमच्या वहीत जे सापडलं तेवढंच सोडा.

कॉफी रोज चार-पाच कप असेल तर एकदम बंद करू नका. डोकं दुखेल, चिडचिड होईल, आणि त्याचं खापरही मेनोपॉजवर फुटेल. आठवडाभरात उतरवत आणा. चहा-कॉफी पूर्ण सोडवत नसेल तर कोमट करून प्या. काहींना कॅफीन नाही, तापमान नडतं.

मद्याचा संबंध वाफांपेक्षा झोपेशी जास्त स्पष्ट आहे. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडत राहते.

## टप्पा ६: मनाचं काम

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या असं माझं मत आहे, आणि हाच टप्पा लोक हसण्यावारी नेतात. 'म्हणजे हे सगळं माझ्या मनाचे खेळ?' नाही. वाफ शरीरात येते. पण ती आल्यावर जे मनात उमटतं, त्याने ती किती जड जाते ते ठरतं. वर सांगितलेल्या २०२३ च्या आढाव्यात औषधाविना ज्या मोजक्या उपायांची शिफारस झाली, त्यांत कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे सीबीटी (त्रासाभोवतीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी पद्धत), क्लिनिकल हिप्नोसिस (उपचारासाठीचं संमोहन) आणि वजन कमी करणं आहे. योग, व्यायाम, सोया, वनौषधी आणि अॅक्युपंक्चर त्या यादीत नाहीत.

सीबीटीवरचं महत्त्वाचं काम लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मायरा हंटर यांच्या गटाने केलं. २०१२ च्या त्यांच्या 'मेनॉस २' चाचणीत गटात शिकलेल्या आणि पुस्तिकेवरून स्वतः शिकलेल्या, दोन्ही प्रकारच्या स्त्रियांना वाफांचा त्रास लक्षणीय कमी जाणवला. म्हणजे थेरपिस्ट मिळाला नाही तरी सुरुवात करता येते. ती अशी.

पहिला आठवडा: वाक्य पकडा. वहीत प्रत्येक वाफेपुढे त्या क्षणी मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. 'सगळे माझ्याकडे बघतायत.' 'आता हे थांबणारच नाही.' 'मी म्हातारी झाले.' सभ्य करून लिहू नका.

दुसरा-तिसरा आठवडा: उलटतपासणी. रोज एक वाक्य घ्या. खरंच सगळे बघत होते? समोरच्याने काही म्हटलं? तुमच्या मैत्रिणीचा चेहरा तसा लाल झाला असता तर तुम्ही काय विचार केला असता? त्यावरून एक साधं, खरं वाक्य तयार करा. 'तीन-चार मिनिटांत ओसरेल, तोवर बोलत राहते.' इथे गोडगोड वाक्य कामाचं नाही. 'मला हे आवडतंय' असं म्हणून मेंदू फसत नाही.

चौथा आठवडा: टाळलेलं परत सुरू. वाफांमुळे काय काय सोडलंत त्याची यादी करा. गर्दीतला प्रवास, पुढच्या रांगेत बसणं, आवडता रंग कारण त्यावर घाम दिसतो. यादीतलं सगळ्यात सोपं आधी. हवी तर आधीच सांगून टाका: 'मला मधूनच उकडतं, खिडकी उघडते हं.' एवढं एक वाक्य बोलून झालं की लपवण्याचा ताण जातो, आणि पुष्कळदा समोरून उत्तर येतं, 'मलाही होतं'.

रात्रीसाठी वेगळे नियम. घड्याळ पाठमोरं करून ठेवा. किती वाजले हे कळून झोप कधीच लागत नाही, उरलेल्या तासांची वजाबाकी मात्र सुरू होते. कपडा बदलून परत आडवं झाल्यावर अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा, फोन न घेता. पेंग आली की परत अंथरुणात. सकाळची उठायची वेळ मात्र रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. पहिला आठवडा जड जातो. दिवसा झोप काढून तो हलका केला की सगळी मेहनत वाया.

हिप्नोसिसबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले गॅरी एल्किन्स यांनी २०१३ मध्ये १८७ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत आठवड्याला एक अशी पाच सत्रं आणि घरी रोजचा सराव होता. गारव्याची दृश्यं मनात उभी करणं हा त्याचा गाभा. बारा आठवड्यांनी वाफांची संख्या सरासरी ७४ टक्क्यांनी घटली. तुलनेच्या गटात १७ टक्क्यांनी. हे प्रशिक्षित तज्ज्ञाकडून शिकायचं आहे. रंगमंचावरच्या संमोहनाशी त्याचा काही संबंध नाही.

तपासून पाहा: सहा आठवड्यांनी वाफांची संख्या तीच असेल, पण 'किती त्रास झाला' याला दहापैकी दिलेले गुण उतरले असतील, तर उपाय चालला आहे. संख्या घटली नाही म्हणून इथे सोडून देणं ही मोठी चूक.

## टप्पा ७: वजन, सिगारेट, व्यायाम

वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने वाफा कमी होऊ शकतात, विशेषतः मेनोपॉजच्या सुरुवातीच्या काळात. चरबी अंगावर पांघरुणासारखी असते, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सावकाश, काही महिन्यांत. उपासमार केली तर हाडं आणि स्नायू झिजतात, आणि या वयात तो तोटा भरून निघणं कठीण असतं. वजन योग्य असेल तर हा भाग तुमच्यासाठी नाही.

सिगारेट सोडा. ओढणाऱ्यांना वाफा जास्त आणि जास्त तीव्र येतात.

व्यायाम आणि योग जरूर करा, पण वाफा थांबतील म्हणून नव्हे. 'एमएसफ्लॅश' या अमेरिकी चाचण्यांत दोन्हींमुळे वाफांची संख्या घटली नाही. झोपेच्या तक्रारी मात्र सुधारल्या. हाडं, साखर, हृदय यांचा फायदा वेगळाच.

## टप्पा ८: सोया, जवस आणि बाटलीतल्या वनस्पती

इथपर्यंत आल्यावरच हे. आणि एका वेळी एकच.

सोया. त्यातले आयसोफ्लॅव्होन इस्ट्रोजेनसारखे, पण फार सौम्य काम करतात. पुरावा उलटसुलट आहे. एक कारण असं की त्यांच्यापासून आतड्यातले जिवाणू इक्वॉल नावाचा पदार्थ बनवतात, आणि ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. म्हणून मैत्रिणीला गुण आला आणि तुम्हाला नाही, असं सहज होतं. २०२१ च्या एका छोट्या चाचणीत कमी स्निग्धांशाचा पूर्ण वनस्पतिजन्य आहार आणि रोज अर्धी वाटी शिजवलेलं सोयाबीन असा प्रयोग बारा आठवडे केला. मध्यम ते तीव्र वाफा ८४ टक्क्यांनी घटल्या. ही बातमी सगळीकडे फिरली. पण ज्यांनी काहीच बदललं नाही त्या गटातही त्या ४२ टक्क्यांनी घटल्या होत्या, हे फारसं कुणी सांगितलं नाही. काही न करताही एवढा फरक पडतो, म्हणून तर वहीचा हट्ट.

करून पाहायचं तर अन्नातून करा: शिजवलेलं सोयाबीन, टोफू, सोया दूध. रोज अर्धी वाटी, बारा आठवडे. थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोया तिचं शोषण कमी करतं. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आयसोफ्लॅव्होनच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

जवस. मेयो क्लिनिकच्या नेतृत्वाखाली झालेल्या २०१२ च्या चाचणीत जवसाची वडी आणि खोटी वडी यांत फरक निघाला नाही. बद्धकोष्ठतेसाठी खायचं तर दळून, भरपूर पाण्याबरोबर खा. वाफांसाठी त्यावर विसंबू नका.

ब्लॅक कोहोश. मेनोपॉजसाठी सगळ्यात जास्त विकली जाणारी वनस्पती बहुधा हीच. २००६ मध्ये ३५१ स्त्रियांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत तिचा प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, जास्त उपयोग दिसला नाही. क्वचित यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, असं झालं तर लगेच बंद करा आणि दाखवा.

इव्हनिंग प्रिमरोझ तेल. वाफांवर त्याचा भरवशाचा उपयोग दिसलेला नाही.

सावधान: सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती अनेक औषधांचा परिणाम कमी करते. डाँग क्वाय ही चिनी वनस्पती आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन एकत्र घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. बाटलीवर घटकांची नावं आणि मात्रा नसेल, नुसतंच 'महिलांसाठी खास मिश्रण' लिहिलं असेल, तर ती बाटली जिथे होती तिथेच ठेवा.

## टप्पा ९: हिशेब, आणि पुढचा निर्णय

बारा आठवडे झाले की पुन्हा दोन आठवड्यांची पूर्ण नोंद करा आणि टप्पा २ च्या सरासरीशी ताडून पाहा. तोवर ऋतू बदलला असेल तर तेही वहीत लिहा. थंडी पडल्यावर वाफा कमी झाल्या, याचं श्रेय सोयाला द्यायला नको.

आकडा निम्म्यावर आला, झोप लागू लागली, तर जे चालू आहे ते चालू ठेवा. फार हलला नसेल आणि दिवस-रात्र हैराण होत असाल, तर आणखी वनस्पती शोधण्यात वर्ष घालवू नका. हार्मोन थेरपी, म्हणजे घटलेलं इस्ट्रोजेन औषधातून देणं, हा वाफांवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. वय साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, तर बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये तिचा फायदा धोक्यापेक्षा जास्त ठरतो. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार असा इतिहास असेल तर सहसा ती चालत नाही. त्यांच्यासाठी बिगर-हार्मोन औषधं आहेत. त्यांतलं फेझोलिनेटंट नेमकं हायपोथॅलॅमसमधल्या त्या चेतापेशींवर काम करतं. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. पहिल्या पानावर चार ओळी: शेवटची पाळी कधी, रोजचा सरासरी आकडा किती, रात्री कितीदा जाग येते, आतापर्यंत काय केलं आणि त्याचा काय परिणाम झाला. खाली तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, हर्बल आणि 'फक्त व्हिटॅमिन' धरून. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते ठळक लिहा. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं वाफांवर देतात, पण ती टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात.

वाफा कालांतराने आपोआपही उतरतात. तेव्हा वर्षाला एकदा उपाय सोडूनही पाहायचे, तेही एकेक करून. सगळ्यात जाचक वाटतो तो आधी थांबवा, दोन आठवडे गुण मांडा, आकडा चढला नाही तर तो कायमचा बंद करा आणि पुढच्याकडे वळा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र या पद्धतीने स्वतःहून थांबवू नका.